एका रात्रीत दोनदा दीड वाजला

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज. मी पाटावर बसलेलो. ताईने तबक उचललं आणि दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांनी माझा फोन असा बोंबलला की सात वर्षांचा भाचा दचकून तिच्या मागे लपला. ऑनकॉलच्या, म्हणजे बिघाड झाला की लगेच धावायच्या पाळीच्या, ॲपला सर्वांत कर्कश आवाज मीच लावून ठेवला होता, कारण हैदराबादेत असताना एकदा झोपेत अलार्म चुकला होता. "दादा, आता पाटावरून उठू नको बाप्पा," ताई म्हणाली. मी उठलो.

त्या दिवशी काय बिघडलं, ते अडीच तासांत कसं आवरलं, हे पुढे लिहिलं आहेच. पण मला स्वतःला या प्रकरणात खुपतात ते अडीच तास नाहीत, त्याआधीचे आठ महिने खुपतात. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या, करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी तो भाग नीट वाचावा.

आधी थोडं घरचं, थोडं कंपनीचं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो आणि आदिलाबाद करत सरळ हैदराबादेत उतरतो, त्यामुळे नोकरीसाठी मला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. कोरोनात लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि नंतरही महिन्यातले पंधरा-वीस दिवस गावातूनच काम करत राहिलो. घरी साडेतीन एकर कोरडवाहू कापूस, शिवाय विहिरीवर दीड एकर. त्यात रब्बीला हरभरा.

२०२४-२५ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. माझ्या महिन्याच्या पगारात किती क्विंटल बसतात हा हिशेब बाबांनी माझ्यासमोर एकदाच केला. एकोणीस आले. साडेतीन एकरांत एवढा कापूस चांगल्या सालीच होतो. बाबा काही बोलले नाहीत, दुपट्ट्याने तोंड पुसून बाहेर गेले. या नोकरीने विहिरीवरची मोटर बदलली, सोसायटीचं कर्ज फिटलं, ताईचं लग्न उधारीशिवाय झालं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं रडगाणं वाटायला नको.

कंपनी अमेरिकन, कचेरी हैदराबादेत. आमचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जिम आणि योगवर्गांची महिन्याची फी लोकांच्या कार्डावरून कापतं. ज्या गावची जिम, तिथल्या घड्याळाप्रमाणे रात्री दीड वाजता, कारण त्या वेळी वर्दळ कमी. न्यूयॉर्ककडचे ग्राहक आधी, मग शिकागोकडचे, मग डेन्व्हर, शेवटी कॅलिफोर्निया. असे चार पट्टे, एकामागून एक तासाच्या अंतराने.

२०२३ मध्ये कपात झाली तेव्हा आमच्या अकरा जणांच्या टीममध्ये सात उरले. गेलेल्यांत एक जण असा होता, ज्याला जुन्या शेड्युलरचे, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे, सगळे खोडे तोंडपाठ होते. त्याने ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते आणि जाताना त्याला ते कुणी विचारलेही नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये जुना शेड्युलर महाग पडतो म्हणून काढला आणि घरच्या घरी नवा लिहिला. त्याचं तर्कशास्त्र साधं: दर मिनिटाला उठायचं, त्या पट्ट्याच्या घड्याळात १:३० दिसले की काम सोडायचं. तो कोड तपासून मंजूर करणाऱ्यांत माझं नाव आहे. रात्री अकराला बघितला होता, "बरोबर दिसतंय" असं लिहून झोपलो.

मार्चमधली नोंद

आपल्याकडे घड्याळाला हात लावायची सवय नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपलंही घड्याळ तासभर पुढे नेलेलं होतं, पण ते कुणाच्या आजोबांनाही आठवत नसेल. अमेरिकेत मात्र २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनचे एकदम तीन करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनचे परत एक. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई एवढे सोडले तर सगळ्या राज्यांत. म्हणजे मार्चमध्ये दोन ते तीन हा तास नसतोच आणि नोव्हेंबरमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो.

१० मार्चला आमचा अडीच वाजताचा एक अहवाल निघाला नाही. त्या रात्री अडीच वाजलेच नव्हते, तर निघणार कसा? सोमवारी सकाळी मला कारण सापडलं आणि मी तिकीट, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची नोंद, टाकलं. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत: शेड्युलर स्थानिक घड्याळ बघतो, मार्चमध्ये काम गळतं, नोव्हेंबरमध्ये तेच काम दोनदा होईल, बिलिंग तपासा. लिनक्सवरच्या क्रॉन या तयार शेड्युलरने हा विचार केव्हाच करून ठेवला आहे. घड्याळ मागे गेलं तर ठरल्या वेळेचं काम तो पुन्हा चालवत नाही. आम्ही मात्र स्वतःचा लिहिला आणि ते शहाणपण बाहेर राहिलं.

तिकिटाला तिसरी प्राधान्यश्रेणी मिळाली. खाली शेरा आला, ग्राहकाची तक्रार नाही, पुढच्या तिमाहीत बघू. आमचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. ११ मार्च ते ३ नोव्हेंबर म्हणजे चौतीस आठवडे, सतरा स्प्रिंट. सतरा वेळा ते तिकीट एका रकान्यातून पुढच्या रकान्यात ढकललं गेलं, त्यातलं निदान चार-पाच वेळा माझ्याच हाताने. मे महिन्यात नियोजनाच्या बैठकीत मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. नव्या पेमेंट स्क्रीनचं काम माझ्याकडे होतं, वरिष्ठांना तीच दाखवायची होती आणि वर्षअखेरीच्या रेटिंगमध्ये तीच दिसणार होती. वेळेच्या तिकिटाचा कुणाला डेमो देणार? "बघा, आज काहीच झालं नाही" असा?

पाटावरून स्लॅबवर

त्या रविवारी ऑनकॉल मी स्वतःहून घेतला होता. हैदराबादेतल्या सहकाऱ्यांना संक्रांतीला गावी जायचं असतं. मी दिवाळीनंतरचे दिवस बघतो, तुम्ही माझी संक्रांत बघा, असा आमचा जुना तह. त्यांच्या लेखी दिवाळी गुरुवारीच आटोपली होती. भाऊबीज नावाचं काही असतं हे त्यांच्या कॅलेंडरात नाही आणि मी ते सांगितलंही नव्हतं.

अलार्म वाजला तो पैसे दोनदा कापल्याबद्दल नव्हता. तसा अलार्म आमच्याकडे नव्हताच. एकाच कार्डावर तासाभरात तीच रक्कम पुन्हा आल्यामुळे काही बँकांनी व्यवहार नाकारले, नकारांचं प्रमाण वाढलं, म्हणून फोन वाजला. बँकांनी संशय घेतला नसता तर आम्हाला सोमवारी ग्राहकांच्या शिव्यांतूनच कळलं असतं.

गावातली लाइन अकरा-चाळीसपासून गेलेली. राउटर इन्व्हर्टरवर होता, पण नेट येईना. फोनचं नेटवर्क धड मिळतं ते फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी. स्लॅबवर कापूस वाळत घातलेला. खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर माल घेत नाहीत, म्हणून दसऱ्यापासून आमचा स्लॅब कापसाचाच असतो. मी एका कडेचा कापूस सारून बसलो. उन्हात स्क्रीनवर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसेना. शेवटी बाबांचा दुपट्टा डोक्यावरून लॅपटॉपवर ओढला आणि जुन्या फोटोवाल्यासारखा आत शिरलो.

तिसऱ्या प्रयत्नात कंपनीच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन लागला. घड्याळात बारा-चोवीस. फी कापण्याच्या खेपांची यादी उघडली तर पूर्व पट्ट्याच्या दोन ओळी एकाखाली एक:

३ नोव्हेंबर, १:३०, पूर्ण.
३ नोव्हेंबर, १:३०, सुरू.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. लोकांच्या कार्डावरून पैसे जात होते, खाली ताई तबक घेऊन उभी होती आणि मी दुपट्ट्याखाली हसत होतो. आठ महिन्यांपूर्वी डोक्यात मांडलेली गोष्ट तंतोतंत तशीच समोर घडताना बघणं, हे सुख या धंद्यात फार वेळा मिळत नाही. दहा सेकंद टिकलं असेल.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि पोटात गोळा आला. एकच व्यवहार दोनदा होऊ नये म्हणून आमच्याकडे कुलूप होतं. प्रत्येक व्यवहाराला एक ओळख-किल्ली असते आणि तीच किल्ली पुन्हा आली की कार्डाचे व्यवहार करणारा पेमेंट गेटवे तो व्यवहार पुन्हा करत नाही. ही किल्ली आम्ही बनवली होती ग्राहक क्रमांक आणि खेप सुरू झाल्याची वेळ जोडून. वेळ मात्र ग्रिनिच प्रमाणवेळेची, ती कधी मागेपुढे होत नाही. पहिली खेप ग्रिनिचच्या साडेपाचला, दुसरी साडेसहाला. भिंतीवरच्या घड्याळाला दोन्ही दीड सारखे, किल्लीला वेगवेगळे, म्हणून कुलूप दोन्ही वेळा उघडलं. किल्ली ग्राहक आणि फीचा महिना अशी असती तर शेड्युलरने दहादा काम सोडलं असतं तरी पैसे एकदाच कापले गेले असते.

आणि हे न्यूयॉर्कवर थांबणार नव्हतं. आपल्या बाराला पूर्व पट्ट्याचा दुसरा दीड वाजला होता. एकला शिकागोचा वाजणार, दोनला डेन्व्हरचा, तीनला कॅलिफोर्नियाचा. दर तासाला एक पट्टा, पश्चिमेकडे सरकत.

थांबवायचं, पण काय?

शेड्युलर बंद करायला दोन जणांची संमती लागते. दुसरा ऑनकॉल सहकारी फोन उचलत नव्हता. माझ्या एकट्याच्या हातात एकच बटण होतं, पेमेंटची सगळी रांगच थांबवण्याचं. ते दाबलं की दुसऱ्यांदा कापली जाणारी फी थांबते आणि त्याबरोबर पहिल्यांदा, रीतसर कापली जाणारीही थांबते. शिकागोची पहिली खेप त्याच वेळी चालू होती.

विचार करायला फार काही नव्हतं, तरी हात अडखळला. रांग थांबवली की ते वर सगळ्यांना दिसतं आणि कुणी थांबवली तेही दिसतं. नाही थांबवली तर नुकसान कुणाच्याच नावावर नसतं. बारा-एकतीसला दाबलं. तोवर पूर्व पट्ट्यातल्या चार हजारांच्या वर ग्राहकांची फी दोनदा गेली होती.

बारा-चाळीसला अमेरिकेतल्या मॅनेजरला उठवलं. तिकडे रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याचं म्हणणं पडलं की दोन ओळींचा बदल कर, त्या तारखेची खेप आधी झाली असेल तर पुन्हा सोडू नकोस, आणि लगेच टाक. बदल खरोखर दोन ओळींचाच होता. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर, नेट टाकीच्या आडोशाने येणारं, कोड तपासायला कुणी नाही आणि मोबाइल टॉवर स्वतः बॅटरीवर. जानेवारीत असाच एक साधा कोड मी "बरोबर दिसतंय" म्हणून सोडला होता. मी म्हटलं, काहीच करू नका. तीन वाजले की शेवटचा दुसरा दीड होऊन जाईल. त्यानंतर या वर्षात घड्याळ पुन्हा मागे जायचं नाही. तोवर रांग बंदच राहू द्या, मग साचलेल्या नोंदींतल्या दुसऱ्या खेपेच्या काढून टाकू आणि रांग सोडू. अडीच तास फी कापायला उशीर झाला तर कुणाचं काय बिघडतं? तिकडे सगळे झोपलेले आहेत.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो "ठीक आहे" म्हणाला.

एकच्या सुमारास दुसऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. तो सासुरवाडीत जेवत होता, फोन गाडीच्या डिकीत. पण त्यानंतर रात्रीपर्यंत तो कामावरून हलला नाही.

तीन वाजेपर्यंत

आता करायला काही नव्हतं, फक्त टॉवर पडू नये एवढंच म्हणणं. ताई जिन्याशी येऊन म्हणाली, "तू खाली येत नाहीस तं मीच वर येतो." आणि आलीच, तबक, तेवता दिवा, मागून पोरगं पाट घेऊन. बाबा अंगणातून ओरडले, "अवं, कापसापाशी दिवा कायले आनला!" मग आमची वरात जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबली. लॅपटॉप वरच्या पायरीवर, कारण तिथवर नेट येत होतं. पाट टप्प्यात मावेना, तो तिरपा टेकवून मी त्यावर कसाबसा बसलो. वाऱ्याने दिवा दोनदा विझला. तिसऱ्यांदा ताईने पदराचा आडोसा केला आणि भराभर ओवाळून घेतलं. माझी एक नजर स्क्रीनवर होती, हे तिने बघितलं आणि सोडून दिलं.

"मामा, तुमच्या कंपनीत लाईट गेली का?" भाच्याने विचारलं.

याचं उत्तर बाबांकडे आधीपासूनच होतं. ते खालच्या पायरीवर येऊन बसले होते. मी रात्री-अपरात्री का उठतो हे त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. शेतातली थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीचा आठवडा असला की ते दोनला उठून मोटर लावायला जातात, आणि टिपेश्वरचं जंगल जवळ, वाघाच्या धाकाने सोबतीला माणूस मिळत नाही. तेव्हाच म्हणाले होते, "म्हणजे तुमची बी लाइन रातचीच आहे म्हना." ऑनकॉल या शब्दाचा याहून बरा अर्थ मला कुणी सांगितलेला नाही.

दोन-दहाला लाइन आली. तीन वाजून पाच मिनिटांनी आम्ही दोघांनी साचलेल्या नोंदी पट्ट्यागणिक काढून, मोजून, दुसऱ्या खेपेच्या वगळल्या. चारच्या आत रांग सुरू झाली.

मग खरं कंटाळवाणं काम. दोनदा कापलेल्या फीचा दुसरा व्यवहार दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी रद्द केला तर तो ग्राहकाच्या खात्यावर पक्का होतच नाही. हिशेब बंद झाला की मग परतावा द्यावा लागतो आणि ते पैसे खात्यात यायला काही दिवस जातात. म्हणून तारीख उलटायच्या आत चार हजार व्यवहार याद्या ताडून रद्द करायचे होते. ते रात्री अकराला संपलं. ताई संध्याकाळच्याच एसटीने वणीला निघून गेली होती. पाटोडीचा रस्सा झाकून ठेवला होता, तो थंडच खाल्ला.

नंतर

पाच दिवसांत अहवाल लिहिला. बैठकीचा नियम असा की कुणावर बोट दाखवायचं नाही, व्यवस्थेतलं भोक शोधायचं. नियम चांगला आहे, मला तो मनापासून पटतो. पण त्याची एक गंमत आहे. बोट दाखवायचं नसल्यामुळे सतरा वेळा ढकललेलं तिकीटही कुणाचंच राहत नाही. ते अहवालात घालावं की नाही यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. घातलं तर "मी सांगितलं होतं" असा वास येणार, शिवाय जानेवारीची मंजुरी माझीच. शेवटी तळाशी, संबंधित नोंदींमध्ये, नुसता क्रमांक टाकला. बैठकीत तो कुणी उघडला नाही.

थंड डोक्याने निर्णय घेतल्याबद्दल वरून कौतुकाचं पत्र आलं, सोबत गिफ्ट कार्ड. त्यातून आईला मिक्सर घेतला. डिसेंबरच्या रेटिंगमध्ये मला "अपेक्षेप्रमाणे" मिळालं. मॅनेजरने सरळ सांगितलं की बिघाड निस्तरणं हा नोकरीचाच भाग आहे, वरची श्रेणी नव्या कामावर मिळते, आणि तुझी पेमेंट स्क्रीन लांबली. ती का लांबली हे त्याला माहीत होतं. मी विचारलं नाही.

जानेवारीत मी ते मार्चचं तिकीट अंगावर घेतलं. किल्ली बदलली, शेड्युलरला झालेली खेप लक्षात ठेवायला लावली, घड्याळ पुढेमागे करून चाचण्या लिहिल्या. दोन दिवस लागले. चौतीस आठवडे थांबलेलं काम दोन दिवसांचं होतं, हे कळल्यावर मला राग कुणाचा आला असेल तर माझाच.

फेब्रुवारी २०२५ पासून आठवड्यातले तीन दिवस कचेरीत यायचा हुकूम निघाला आणि गावातून काम करणं संपलं. आता मी हैदराबादेत पीजीत राहतो. कापूस वेचाईच्या दिवसांत बाबांचा फोन येतो, किलोमागे दहा रुपये देऊनही बायका मिळत नाहीत म्हणून. मी ऐकून घेतो.

२ नोव्हेंबर २०२५, पुन्हा तोच रविवार. या वेळी ऑनकॉल माझा नव्हता, भाऊबीजही दहा दिवसांपूर्वी होऊन गेलेली. तरी बारा वाजता शेड्युलरचा लॉग, म्हणजे त्याच्या कामांची नोंदवही, उघडून बसलो. बाराला एक ओळ उमटली: पूर्व पट्टा, १:३०, आधी झाली आहे, वगळली. एकला दुसरी, दोनला तिसरी. तीनची ओळ येईपर्यंत मी जेवायला उठलो नाही. चारही ओळींचा स्क्रीनशॉट काढला. कुणाला पाठवावा कळेना, ताईला पाठवला.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "याच्यात पाहाचं काय आहे?"